म्हशीच्या वाट्याचं पाणी

गावात जैनांचं घर एकच, ते सुभद्राबाईचं. आता एकच घर म्हटल्यावर जैनांचं म्हणून जे काही येईल ते तिच्याच गळ्यात, असा गावाचा सरळ कारभार. बहात्तरला पडलेला दुष्काळ त्र्याहत्तरच्या वैशाखातही हटायला तयार नव्हता. अर्धं गाव रस्त्याच्या कामावर खडी फोडायला गेलेलं. अशातच एका दुपारी सोसायटीचा शिपाई आसाराम धापा टाकत आला आणि ओसरीखालूनच ओरडला.

"वैनी, तुमच्या साध्वी आल्यात! तिघीजणी. शिरूर कासारहून चालत. गोदामात उतरवलंय म्या त्यास्नी. धान्य न्हाईच, तर गोदाम मोकळंच हाय."

गोदाम सोसायटीचं, आणि सोसायटीचे चेअरमन म्हणजे सुभद्राबाईचे यजमान, मोहनराव. ते सकाळीच टँकरच्या मागणीसाठी बीडला गेलेले.

"आमच्या म्हंजे कशा?" सुभद्राबाईनं विचारलं.

"कशा म्हंजे? पांढऱ्या लुगड्यातल्या. तोंडाला पट्टी बांधलेल्या."

झालं! तोंडाला पट्टी म्हणजे स्थानकवासी. त्यांच्यात देऊळ नाही, मूर्ती नाही. सुभद्राबाईचं घर दिगंबर, जातीनं सैतवाल. देवघरात पार्श्वनाथाची पितळी मूर्ती, तिचं दर्शन घेतल्याशिवाय तोंडात घास जायचा नाही. 'पट्टीवाल्यांचा अन् आपला संबंध काय' हे वाक्य सासू होती तोवर आठवड्यातून एकदा तरी कानावर पडायचं. दिराचं पाथर्डीकडचं चांगलं स्थळ याच पायी मोडलं होतं. पण हे आसारामला सांगून काय उपयोग? त्याच्या लेखी जैन ते जैन.

"त्यातली धाकटी लई नाजूक हाय बगा," आसाराम म्हणाला. "विशीचीबी नसंल. तोंड लालबुंद झालंय, धड बसताबी येईना तिला. काल सांजंपासून पाण्याचा थेंब न्हाई म्हनं. म्या माठ पुढं केला तर हात जोडून नगं म्हनाल्या. आन दिवस बुडाला की उद्या सकाळपातुर काईच घेत न्हाईत म्हनं. खरं का वो?"

"खरंय."

हा नियम तिला कुणी सांगायला नको होता. ती स्वतःही दिवस मावळल्यावर पाणी घेत नसे, लग्नाच्या आधीपासून. काल सांजेपासून आज आणि आज सांजेपासून उद्या! या उन्हात! पोर सकाळी उठेल तरी का? पंथ गेला चुलीत, ती मनाशी म्हणाली, आधी पाणी.

पण व्रती माणसाला पाणी द्यायचं ते कसं? आपल्या घरच्या रीतीनं, दुसरी रीत तिला माहीत असायचं कारणच नव्हतं. तिनं दोर-कळशी घेतली आणि विहीर गाठली. पाणी पार तळाला. दहा वेळा कळशी सोडावी तेव्हा हंडा भरावा. हाताची सालटी निघाली. दुहेरी फडक्यानं पाणी गाळलं, फडक्यात राहिलेले जीव पुन्हा जपून विहिरीत सोडले. घरी येऊन अंगावर दोन तांबे घेतले, ओल्या लुगड्यानंच चूल पेटवली, पाणी खळखळून उकळलं. आणि स्वागताला हातात गाळलेल्या पाण्याचा कलश घेऊन दारात उभी राहिली.

एकच गोष्ट खटकत होती. तिच्या पंथातल्या साध्वी, म्हणजे आर्यिका, दिवसातून एकदाच आहार घेत, तोही सकाळी. आता चार वाजून गेले होते. ही कसली वेळ? जाऊ द्या, असेल यांचं तसं.

गल्लीतून दोघी आल्या, हातात लाकडी पात्रं. धाकटीला गोदामातच ठेवलेलं. सुभद्राबाईनं घरच्या रीतीनं खणखणीत आवाजात थांबायची विनंती केली, "वंदामि माताजी! अत्र तिष्ठ, तिष्ठ! आहारजल शुद्ध आहे!"

थोरल्या साध्वी थांबल्या. "दया पालो," असा आशीर्वाद दिला. मग त्यांची नजर कलशावर गेली, टिपकणाऱ्या लुगड्यावर गेली, आणि त्या एक पाऊल मागं सरकल्या.

"बाई, तुम्ही कच्च्या पाण्यानं ओल्या आहात. हातातही कच्चंच पाणी. अशा हातून आम्हाला घेता येत नाही."

"कच्चं कसं? गाळलंय की, दुहेरी फडक्यानं!"

"गाळलं तरी कच्चंच. त्यात जीव असतात."

"अवो, जीव तर मी विहिरीत परत सोडून आले!"

 साध्वी हात जोडून शांतपणे पुढं गेल्या. सुभद्राबाई कलश घेऊन तशीच उभी. आयुष्यात पहिल्यांदा तिच्या दारातून कुणी व्रती माणूस असं परत गेलं होतं, आणि चूक काय झाली तेच तिला समजेना. राग आला, मग रडू आलं, मग पुन्हा राग आला.

पण रुसून बसायला वेळ कुठं होता? तिनं कोरडं लुगडं नेसलं, उकळलेल्या पाण्याचा हंडा कमरेवर घेतला आणि गोदामाकडं निघाली. तोवर त्या दोघी अख्ख्या गावातून रिकाम्या पात्रांनी परतल्या होत्या. उकळलेलं पाणी असणार कुणाकडं? प्यायलाच जिथं मारामार. धाकटी भिंतीला टेकून पडली होती, डोळे मिटलेले, ओठांना भेगा. सुभद्राबाईला बघवेना.

"हे घ्या. उकळलेलं आहे. आता तर कच्चं नाही?"

थोरल्या म्हणाल्या, "समोर आणलेलं आम्ही घेत नाही, आम्हीच दारी येतो. पण आधी एवढं सांगा बाई, हे तापवलं कुणासाठी?"

सुभद्राबाईच्या तोंडात शब्द आला होता. 'घरच्यांसाठी.' एवढा एकच शब्द, की या तिच्या मागोमाग घरी येणार होत्या, पात्र भरून नेणार होत्या, पोरीच्या घशात पाणी पडणार होतं. तिनं धाकटीकडं पाहिलं. पण साध्वीच्या तोंडावर खोटं बोलायचं? आणि त्या खोट्याचं पाणी तिला पाजायचं? जीभ रेटेचना.

"तुमच्यासाठीच," ती म्हणाली.

"मग तर नाहीच घेता येत." थोरल्यांचा आवाज कठोर नव्हता, उलट थकलेला होता. "आमच्यासाठी चूल पेटली म्हणजे त्यात जे जीव गेले, ते आमच्यासाठी गेले."

तिथंच उभ्या आसारामचं डोकं फिरलं. "अवो पर पानी ते पानीच की! पोरगी मरायला टेकली अन् तुमी चुलीचं काय घिऊन बसलाव? तुमाला चालतं तरी काय, ते तर सांगा!"

"घरच्यांनी स्वतःच्या कामासाठी आधीच वापरलेलं. राखेनं भांडी घासून खळबळतात ना, ते नितळलेलं धोवणसुद्धा चालतं. राखेनं त्यातलं कच्चेपण जातं."

सुभद्राबाई बघतच राहिली. विहिरीचं गाळून उकळलेलं चालत नाही आणि भांड्याचं धुवण चालतं? तिच्या घरी ते मोरीत जायचं. असलं पाणी व्रती माणसाच्या पात्रात घालायचं म्हणजे सात जन्म फिटणार नाही असं पाप!

"आँ?" आसाराम उडालाच. "ते तर आमच्या घरी बादलीभर हाय! मनकर्णानं दुपारी हंडे-कळश्या घासल्यात, त्याचं म्हशीसाठी राखून ठिवलंय."

दिवस बाभळींच्या शेंड्याला लागला होता. दोघी साध्वी पात्रं घेऊन निघाल्या, मागं आसाराम, त्याच्यामागं सुभद्राबाई. कशाला चाललो आहोत, तिचं तिलाच कळत नव्हतं.

आसारामची बायको मनकर्णा अंगणात म्हशीपुढं वाळलं चिपाड टाकत होती. घर माळकरी, मांस-मच्छी नाही, हे साध्वींनी आधी विचारून घेतलं. पण काय हवंय ते कळताच मनकर्णानं दोन्ही हात तोंडावर ठेवले.

"अगं बया! भांड्याचं पानी? साध्वीला? म्हशीच्या वाट्याचं? न्हाई बाई, माझ्या हातून न्हाई व्हायचं हे. दुसरं काईबी मागा."

"देणाऱ्याचं मन नसेल तर आम्हीही घेत नाही," थोरल्या म्हणाल्या आणि वळल्या.

मनकर्णा घाबरून सुभद्राबाईकडं वळली. "वैनी, तुमी त्यांच्यातल्या. तुमीच सांगा. दिऊ का?"

आता काय सांगायचं? मी त्यांच्यातली नाही, हेच खरं उत्तर होतं. सासू असती तर हेच म्हणाली असती. घाण पाणी पाजण्याचं पाप मोठं की तहानेनं पोर जाऊ देण्याचं? आणि ते घाण तरी आहे का, आपल्याला आहे, त्यांना नाही, मग खरं कुणाचं? तिचं डोकं भणभणायला लागलं. बाभळीच्या शेंड्यावरचं ऊन तेवढं विटकरी होत चाललेलं दिसत होतं.

"दे," ती म्हणाली.

"पाप लागंल का वो?"

"लागलं तर मला लागू दे. तू दे. मनापासून दे अन् लवकर दे."

मनकर्णानं बादली वाकवली. राख तळाशी बसलेली, वरचं पाणी नितळ. पात्रं भरली. आसाराम डोकं खाजवत म्हणाला, "अन् म्हशीला काय पाजू?"

"माझा हंडा आहे ना गोदामात? तो आणून पाज. गाळलेलं आहे, उकळलेलं आहे, पी म्हणावं पोटभर!" सुभद्राबाई असं काही खेकसली की आसाराम पळालाच.

साध्वी मात्र पळेनात. खाली बघत, वाटेतली मुंगी चुकवत, एकेक पाऊल टाकत त्या चालल्या होत्या, आणि मागून मनकर्णेबरोबर निघालेल्या सुभद्राबाईचा जीव वरखाली होत होता. ओरडून सांगावंसं वाटत होतं, अहो, उचला की पाय!

"मनकर्णे," ती चालता चालता हळूच म्हणाली, "खरं सांगू? या आमच्यातल्या न्हाईत. यांचं वेगळं, आमचं वेगळं."

मनकर्णा थबकली. "मग मघाशी कावून न्हाई सांगितलं?"

"सांगितलं असतं तर तू दिलं असतंस का?"

गोदामाशी पोचल्या तेव्हा माळावर लाल कड तेवढी उरली होती. थोरल्यांनी पाणी फडक्यातून गाळलं, धाकटीला बसतं करून पात्र तिच्या हाती दिलं. आधी तिला गिळवेना. मग एक घोट गेला. मग दुसरा. मग ती पीतच राहिली. पात्राला लागलेले थेंबसुद्धा तिनं धुऊन पिऊन टाकले. उंबऱ्याबाहेर उभ्या सुभद्राबाईच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहू लागलं. तेवढ्यात दिवस बुडाला.

मनकर्णा घरी जाऊन तांब्या भरून घेऊन आली. "वैनी, घ्या घोटभर. दुपारपासून वणवण करताय."

तेव्हा कुठं सुभद्राबाईला आपल्या कोरड्या घशाची आठवण झाली. दुपारच्या जेवणानंतर तिनंही पाण्याला तोंड लावलं नव्हतं.

"आता न्हाई गं. दिवस बुडाला."

"घ्या! त्यांचं येगळं, तुमचं येगळं, मग दिवस कसा एकच?"

सुभद्राबाईनं तांब्या हातानं बाजूला सारला. आतून पायरव आला. धाकटी साध्वी भिंतीचा आधार घेत दारापर्यंत आली होती. चेहऱ्यावर जरा ओल दिसत होती. अंधुक उजेडात तिनं सुभद्राबाईकडं पाहिलं.

"बाई, आमच्यापायी तुमची फार धावपळ झाली," ती बारीक आवाजात म्हणाली. "तुम्ही पाणी घेतलं ना, दिवस असताना?"

"घेतलं की, माई," सुभद्राबाई म्हणाली. "पोटभर घेतलं."

मनकर्णा भरलेला तांब्या हातात धरून तिच्या तोंडाकडं बघतच राहिली.