जिन्याचं वळण

"पुराच्या सरावाची शिट्टी वाजली की सगळ्यांनी वाचनालयाच्या वरच्या मजल्यावर जमायचं. आजारी माणसांनी आज घरीच थांबायचं," पूर-समितीच्या अध्यक्षांनी दुकानाच्या दारातूनच फर्मान काढलं. गल्ली त्यांना शिट्टीकाका म्हणायची. आंघोळीलासुद्धा ते गळ्यातली शिट्टी काढत नाहीत, अशी त्यांची ख्याती.

शिंपीणबाईंची कात्री कापडातच थांबली. "अहो काका, पूर काय आजारी माणसांना वगळून येणार आहे?"

"वहिनी, सरावाला उशीर होतो. गेल्या खेपेला कसा झकास झाला!"

झकास होणारच! गेल्या खेपेला रुग्ण म्हणून किराणावाल्याला निजवलं होतं. तो कोणाच्याने उचलवेना, तेव्हा बिचारा उठून स्वतःच जिना चढला. वर टाळ्या पडल्या.

शिंपीणबाईंना टाळ्या नको होत्या. मागच्या पुरात अंथरुणाला खिळलेल्या सासूबाईंना शिवणाच्या टेबलावर ठेवून त्या कमरेएवढ्या पाण्यात उभ्या राहिल्या होत्या. बाहेरून नुसतं "आलो, आलो" ऐकू यायचं, येत कोणीच नव्हतं. तेव्हापासून दर सभेत त्या एकच विचारायच्या, आईंना वर नेणार कसं? आणि दर सभा समितीच्या टोप्यांच्या रंगावर संपायची. भगवंताने माणसाला दोन कान दिलेत खरे, पण समितीवर गेलं की दोन्ही घरी राहतात.

शिट्टी वाजली.

"धरा हो ती झोळी," त्या नवऱ्याला म्हणाल्या. जाड कापडाची, दोन बाजूंना बांबू घातलेली झोळी त्यांनीच शिवली होती.

"अगं सूनबाई, लोक काय म्हणतील?" आत निजलेल्या सासूबाई पुटपुटल्या.

"आपण वर पोचलो की म्हणू देत, आई."

पण पोचतात कुठल्या! वाचनालयाच्या अरुंद जिन्याच्या वळणावर बांबू भिंतीला टेकले. तिरके केले, उभे केले. सासूबाईच घसरायला लागल्या. झोळी वर जाईना, खाली येईना. मागे अर्धी गल्ली तुंबली.

वरून शिट्टीकाका कडाडले, "वहिनी, सगळ्याचा विचका केलात!"

"मी नाही केला, या वळणाने केला. खरंच पाणी असतं तर?"

"अशा वेळी देवावर भरवसा ठेवायचा असतो."

"देवावर आहेच हो! पण हा जिना त्याने नाही बांधला."

खालून किराणावाला ओरडला, "अहो, मागे चढावर दार आहे की! रस्त्यावरून थेट वरच्या मजल्यात. पायरीसुद्धा नाही."

"त्या दाराला समितीची कपाटं लावलीत," काका म्हणाले. "टोप्या, फलक, सगळं त्यातच आहे. पुढच्या सभेत विषय घेऊ."

पुन्हा पुढची सभा! पालथ्या घड्यावर पाणी. शिंपीणबाईंच्या डोळ्यांत रागाने पाणी आलं.

तेवढ्यात झोळीतून बारीक आवाज आला, "सूनबाई, टेकव मला. इथेच, पायरीवर."

"आई, गार लागेल."

"लागू दे. अध्यक्षमहाराज, तुमची सभा होऊ द्या सावकाश. मला कुठे जायचंय?"

झोळी टेकली आणि जिना बंद झाला. वर पोचलेल्यांना आता खाली उतरायला वाट नव्हती. काकांनी शिट्टी फुंकून पाहिली. कोणी हललं नाही.

बऱ्याच वेळाने वरून कपाट सरकवल्याची करकर ऐकू आली.

"तात्पुरतं सरकवतोय हं!" काका ओरडले.

"मग आम्हीही तात्पुरत्याच बसलोय," म्हणत सासूबाईंनी झोळीची कड अंगावर ओढून घेतली.