कानामागची अर्धी पट्टी

बसा, जरा सरकून बसा, पाय मोकळे करा. एक गोष्ट सांगतो. ऐकताना हसू येईल, पण मधेच हसू नका, कारण ज्याच्यावर ती बेतली त्याच्या तोंडचं पाणी पळालं होतं.

तर आपले शिंपी मास्तर. टेप गळ्यात, सुई कॉलरला टोचलेली आणि जीभ कात्रीच्या वरताण. त्यांच्या बायकोला गाडी लागायची. अशीतशी नाही, बसच्या धुराचा नुसता वास आला की बाई पिशवी उघडून तयार. मास्तर तिची पाठ चोळायचे आणि चोळता चोळता टोमणे मारायचे. आमच्या घराण्यात कुणाला असलं काही होत नाही, हे तर तिनं लग्नापासून इतक्यांदा ऐकलं होतं की आता तीच ते त्यांच्याआधी पुरं करायची.

पण गंमत बघा. मास्तर स्वतः बसमध्ये कायम ड्रायव्हरच्या मागची सीट धरायचे. का, तर म्हणे रस्ता बघायला आवडतो.

त्यांची एकुलती एक लेक मोठ्या प्रवासी जहाजावर लोकांचे केस कापते. दोन वर्षं घरी आली नव्हती. तिनं फोन केला, आमचं जहाज तुमच्याकडे येतंय, तीन दिवसांची सफर आहे, आईबापांना बरोबर घेता येतं, तर दोघं या. त्यानंतर जहाज पार दुसऱ्या समुद्रात जाणार होतं, मग भेट कधी ते कुणी सांगावं. बाईंना आनंद झाला आणि त्याच दमात त्या घरातल्या पिशव्या मोजायला लागल्या. इतक्या दिवसांनी लेक भेटणार, आणि आपण तीन दिवस बादलीत तोंड घालून बसणार?

मग सुरू झाले उपाय. शेजारीण म्हणाली, आलं चघळा. धोबी म्हणाला, लिंबू हुंगा. भाचीनं मनगटाचा पट्टा आणून दिला, त्याला आतून एक गुंडी असते, ती शिरेवर दाबते. बाईंनी एकेक गोष्ट बसमध्ये बसून तपासली. आल्यानं तोंड पोळलं. लिंबू नाकाला लावूनही उलटी झाली. पट्ट्याची शिलाई कच्ची आहे म्हणून मास्तरांनी ती उसवून पक्की केली, तर गुंडी भलतीकडेच गेली.

शेवटी औषधाचं दुकान. तिथल्या वासानंच मळमळून बाई बाहेर पायरीवर जाऊन बसल्या, त्यामुळे ऐकायला मास्तर एकटेच. दुकानवाली भली होती. गोळीनं झोप येते, लेकीसमोर पेंगत बसतील, त्यापेक्षा ही पट्टी न्या, म्हणाली. नखाएवढी गोल पट्टी. कानामागे लावायची, तीन दिवस चालते. एकच उरली होती. लावल्यावर हात साबणानं धुवा, डोळ्याला बोट लावू नका, पट्टी कापू नका, असं तिनं दोनदा सांगितलं. मास्तर मान हलवत होते, पण लक्ष होतं तिच्या कोटाकडे. त्याची एक बाही दुसरीपेक्षा आखूड होती. तुम्हाला काही हवं का, असं तिनं विचारलं तेव्हा मात्र मास्तरांनी नाक वर केलं आणि घराण्याचं पुराण सुरू केलं.

खरं सांगू? मास्तरांची हवा आधीच गेली होती. चार दिवसांपूर्वी दुकान बंद करून ते गुपचूप बागेत गेले आणि पोरांच्या झोपाळ्यावर बसले. पाचसहा झोके घेतले असतील नसतील, बाकावर आडवं व्हावं लागलं. तेव्हापासून एकच धास्ती. उद्या जहाजावर बायकोच्या आणि लेकीच्या देखत आपलीच पिशवी उघडली, तर आयुष्यभराचे टोमणे व्याजासकट परत येणार.

निघायच्या आदल्या दिवशी, बाई बॅग भरत होत्या तेव्हा, मास्तर पट्टी घेऊन मशीनपाशी बसले. शिंप्याला काय दिसणार? अस्तराचा तुकडा. त्यांनी कात्री घेतली आणि कचकन दोन भाग केले. एक स्वतःच्या कानामागे लावला आणि वरून टोपी ओढली. दुसरा बायकोच्या कानामागे. एवढीशीच, असं तिनं विचारलं. औषध जालीम आहे म्हणून छोटी असते, असं मास्तरांनी ठोकून दिलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी बंदरावर ही लांबलचक रांग. काचेपलीकडे जहाज उभं, पांढरंशुभ्र. बाईंच्या कोटाचं बटण तुटलं. मास्तरांनी कॉलरची सुई काढली. कानामागे चिकचिक होत होती, पट्टीची कापलेली कड सुटायला लागली होती. त्यांनी ती बोटानं नीट दाबली. मग दोरा ओवताना सवयीनं उजवा डोळा त्याच बोटानं चोळला. बटण लागलं, रांग कूर्मगतीनं पुढे सरकली.

तासाभरानं दुसरं बटण सैल वाटलं म्हणून पुन्हा सुई धरली, तर तिला भोकं दोन दिसायला लागली. दोरा जाईना. अहो, हा माणूस अंधारात दोरा ओवणारा! बाईंना सांगावं म्हणून वळले, तर बाई भिंतीकडे बघत गालातल्या गालात हसत होत्या.

तपासणीच्या खोलीत बंदराच्या डॉक्टरीणबाई बसल्या होत्या. चढण्याआधी वयस्कांना त्या बघायच्या. त्यांनी मास्तरांच्या डोळ्यांत बॅटरी मारली आणि हात थांबवला. डावी बाहुली बारीक झाली होती. उजवी बशीएवढी, हलायचं नाव नाही. डोळ्यात काही औषध टाकलंत का? नाही. अंगाला काही लावलंत का? मास्तरांनी टोपी घट्ट केली. नाही. मग त्यांनी हात वर करायला लावले, दात दाखवायला लावले, आणि नर्सला हलक्या आवाजात गाडी बोलवायला सांगितलं. मेंदूत काही झालं असेल तर वेळ घालवता येणार नाही, जहाज विसरा.

जहाज विसरा म्हटल्यावर मास्तर खुर्चीतून अर्धे उठले. तरी तोंड उघडेना. मनात हिशोब चालू, दवाखान्यात गेलो तर जाऊ, ही तरी लेकीला भेटेल. बायकोला म्हणाले, तू जा पुढे.

बाईंनी त्यांच्याकडे बघितलं. नजर कुठेतरी लांब होती. ओठ कोरडे पडले होते.

"अहो, ती शाळेतून आली का? दार उघडं ठेवलंय ना?"

लेकीची शाळा संपून किती वर्षं झाली! मास्तरांना आधी वाटलं, घाबरून बोलतेय. मग तिचा हात कानामागे गेला, त्या अर्ध्या पट्टीवर, आणि दुकानवालीचं बोलणं त्यांना आता ऐकू आलं. कापू नका. डोळ्याला बोट लावू नका.

त्यांनी टोपी काढली.

"डॉक्टरीणबाई, मेंदूचं काही नाही. ती पट्टी मी कापली. अर्धी मला, अर्धी हिला. आधी हिची काढा."

डॉक्टरीणबाई खुर्चीतून उठल्याच. दोन्ही पट्ट्या निघाल्या, कानांमागची जागा साबणानं धुतली गेली, मास्तरांचे हात तर दोनदा. कापल्यावर आतलं औषध धड हिशोबानं येत नाही, शिंप्याच्या मापानं तर नाहीच, असं त्या तोडून बोलल्या. बाईंना पाणी पाजत बसवून ठेवलं. शुद्धीत नीट बोलेपर्यंत सोडणार नाही, म्हणाल्या. बाहेर जहाजाचा भोंगा झाला. मास्तर बायकोचा हात धरून बसले आणि तिच्या तोंडाकडे बघत राहिले, एका धड डोळ्यानं.

डॉक्टरीणबाई थोड्या थोड्या वेळानं विचारत होत्या, लेक कुठे आहे? एकदा बाई म्हणाल्या, शाळेत. पुढच्या वेळी म्हणाल्या, येईलच इतक्यात. रांग संपली. एक माणूस येऊन सांगून गेला, आता शिडी काढतील. पुन्हा विचारलं. बाईंनी कपाळाला आठ्या घातल्या.

"जहाजावर. केस कापते. आणि तुम्ही तेच तेच काय विचारताय?"

मास्तरांचा जीव भांड्यात पडला. मग बाई त्यांच्याकडे वळल्या.

"तुम्हाला बोट लागते?"

"गाडीसुद्धा," मास्तर म्हणाले.

डॉक्टरीणबाईंनी जहाजाच्या डॉक्टरला फोन करून सगळं सांगितलं, रात्रभर दोघांवर लक्ष ठेवायला लावलं आणि दोघांना सोडलं. लेक शिडीच्या टोकाशी उभी होती, गळ्यात केस कापायचा एप्रन तसाच. आईला मिठी मारताना ती रडली, आणि बापाचा डोळा बघून घाबरली.

जहाज हललं आणि मास्तर पांढरे पडले. बाई या दुखण्यात अट्टल. त्यांनी मास्तरांना जहाजाच्या मधोमध, मोकळ्या हवेत बसवलं, जिथे हेलकावा कमी. लांब पाण्याच्या कडेला बघा, खाली नाही, आणि श्वास सावकाश. एका हातात आपली पिशवी, दुसऱ्यात त्यांची. पाठ चोळली. घराण्याचा विषय काढला नाही. काढायची गरजच नव्हती, सबंध घराणं त्या पिशवीत चाललं होतं.

डोळा दोनतीन दिवसांत ताळ्यावर आला. आता तुम्हाला एकच विनंती. कधी त्यांच्या दुकानात कपडे शिवायला गेलात आणि मास्तरांनी कात्री हातात घेतली, तर कान खाजवून दाखवू नका. बाई आत बटणांची काजं करत बसलेल्या असतात, त्यांना हसू आवरत नाही. एवढं करा.