धुतलेले पाय

आमच्या चर्चमध्ये वर्षातून एकदा फादर बारा जणांचे पाय धुतात. प्रभूने शेवटच्या जेवणाच्या वेळी शिष्यांचे पाय धुतले होते, त्याची ती आठवण. यंदा त्या बारा जणांत माझी वर्णी लागली, आणि मी दुपारपासून वज्री घेऊन टाचा घासत बसले.

हसू नका. सगळेच तसं करतात. आपल्या पायाची घाण फादरांच्या हाताला लागली तर चारचौघांत तोंड कुठे लपवायचं? बेकरीवाला तर पायांना अत्तर लावून येतो. मी लॉन्ड्रीत दिवसभर उभ्याने इस्त्री करते. टाचांना भेगा, करंगळीला कुरूप. घासून घासून कातडी लाल झाली, तेव्हा कुठे मला समाधान वाटलं.

वरच्या मजल्यावर माझी थोरली जाऊ राहते. दोघी विधवा, एकाच घरात, आणि कित्येक वर्षांचा अबोला. सासूबाईंच्या कपाटावरून बिनसलं. ते कपाट अजून जिन्यात उभं आहे, ना तिचं ना माझं. हल्ली तिच्या पायांना सूज असते, वाकता येत नाही. ती पाय ओढत चालते ते मला खाली ऐकू येतं. ऐकते आणि चर्चला निघून जाते. आधी देव, मग बाकीचं, हा माझा नेम. जाऊ बाकीच्यात मोडते.

"निघाली स्वारी राजदरबारात," त्या संध्याकाळी वरून आवाज आला. मला नव्हे, भिंतीला. लेकी बोले सुने लागे.

"आमचा राजा आहेच तसा," मीही भिंतीलाच ऐकवलं, आणि नवे मोजे घालून निघाले.

चर्चमध्ये बारा खुर्च्या ओळीने मांडल्या होत्या. फादर आता थकलेत. कमरेला टॉवेल गुंडाळून एकेकापुढे गुडघे टेकत होते आणि उठताना खुर्चीचा आधार घेत होते. माझ्यापाशी आले. कोमट पाण्याची धार पडली आणि त्यांनी माझी टाच तळहातावर घेतली.

आता हे कसं सांगू? नवरा गेल्यापासून मला कोणाचा हात लागला नव्हता. लॉन्ड्रीत माणसं कपड्यांचं बोचकं ठेवतात आणि जातात. घरी तर बोलायलाच कोणी नाही. माझी टाच त्या हातात होती आणि मला रडू आवरेना.

"पाणी फार गरम आहे का?" फादरांनी हळूच विचारलं.

मी मानेनेच नाही म्हटलं.

"टाच सोलून काढलीत की," पाय पुसत ते म्हणाले. "राजा असून तो मळलेल्या पायांपाशी बसला. मला मात्र दरवर्षी धुतलेलेच मिळतात. तुम्ही माणसं आम्हाला कामच ठेवत नाही." मग थांबून म्हणाले, "घरी कोण असतं?"

कोणी नाही, हे अगदी ओठांवर आलं होतं. पण वरच्या मजल्यावरचं ते पाय ओढणं आठवलं.

"जाऊ असते," मी म्हणाले.

घरी येऊन पाणी कोमट केलं. टब आणि टॉवेल घेऊन जिना चढले. त्या मेल्या कपाटाला वळसा घालताना निम्मं पाणी माझ्या अंगावर सांडलं. परत फिरावं असं वाटलं, खोटं कशाला बोलू. पण दार लोटलेलंच होतं.

जाऊ पलंगाच्या कडेला नुसतीच बसली होती, दिवाही लावला नव्हता. तिने टबाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मी टब ठेवून खाली बसले. गुडघे कडकडा वाजले. हात पुढे केला, तशी तिने दोन्ही पाय पलंगाखाली ओढून घेतले.

झालं, आता हाकलून देणार, मला वाटलं.

"थांब गं जरा," ती खाली मान घालून म्हणाली. "फार मळलेत. आधी धुऊन येते."

"राहू द्या, जाऊबाई," मी म्हणाले, आणि तिची टाच तळहातावर घेतली.