जेवताना न बोलायचा शब्द

भाचीने अट घातली ती अशी, की ऐकणाऱ्याला दरदरून घाम फुटावा. लग्नाची तारीख ठरवायला रविवारी दोन्हीकडचे जेवायला जमणार, आणि त्या टेबलावर तो शब्द निघाला किंवा एखाद्या पुढाऱ्याचं नाव जरी निघालं, तर ती आणि तिचा होणारा नवरा ताटावरून उठणार, नोंदणी कचेरीत जाणार, रस्त्यावरची दोन अनोळखी माणसं साक्षीदार म्हणून धरून आणणार आणि लग्न उरकून मोकळे होणार. लग्नाला आईबाप कुणाचेच नाहीत. तो शब्द म्हणजे राजकारण. आपण इथे खुशाल लिहू शकतो, आपल्याला कुठे त्या लग्नाला जायचंय.

बरं, पोरीचं चुकलं असंही म्हणता येईना. तिचे वडील शहर बस चालवून निवृत्त झालेले, आणि होणारे व्याही नळकाम करणारे. दोघेही एरवी देवमाणसं. पण समोरासमोर बसले, की पहिला घास पोटात जायच्या आत शहराचं वाटोळं कुणी केलं यावर जुंपायची. पहिल्या भेटीत व्याही इतके तावातावाने निघून गेले, की चष्मा टेबलावरच राहिला आणि दाराऐवजी कपाट उघडून बसले. दुसऱ्या भेटीत वडिलांनी टेबलावर मूठ आपटली आणि पाण्याचा जग होणाऱ्या जावयाच्या मांडीवर रिता झाला. बिचारा ओल्या विजारीत शेवटपर्यंत बसला आणि जेवण छान झालंय म्हणाला. त्या दिवशी भाचीने ठरवलं, की आता पुरे.

या सगळ्यात हाल कुणाचे, तर ताईचे, म्हणजे भाचीच्या आईचे. तिने भावाला फोन केला. भाऊ म्हणजे आपले मामा. मामा शब्दकोशाच्या कचेरीत कामाला. निरनिराळ्या भाषांतले शब्द कुठून आले, कसे फिरले, हे खणून काढायचं आणि नीट मांडून ठेवायचं, यात त्यांचं आयुष्य गेलेलं. कुठल्याही भांडणात त्यांनी कधी बाजू घेतलेली कुणाला आठवत नव्हती. मत विचारलं, की ते नुसतं 'हं' म्हणत, आणि दोन्ही पक्षांना वाटे की मामा आपल्याच बाजूचे आहेत. असा माणूस घरात असताना ताई दुसऱ्या कुणाला कशाला बोलावेल? तिने त्यांना सांगून टाकलं, की दोघांच्या मधे बसायचं आणि विषय तिकडे वळू द्यायचा नाही. मग जरा थांबून म्हणाली, "मला एकच मुलगी आहे रे. तिचं लग्न मी शेजारणीकडून ऐकू का?"

मामांनी छातीठोकपणे हो म्हटलं आणि फोन ठेवल्यावर निरुपद्रवी विषयांची यादी करायला बसले.

रविवारी ते विषयांची तयारी करून आले होते. एका बाजूला भाऊजी, म्हणजे भाचीचे वडील, दुसऱ्या बाजूला व्याही, समोर भाची आणि तिचा नवरदेव, आणि टोकाला ताई, जी वाढत कमी होती आणि चेहरे जास्त बघत होती. मामांनी हवेपासून सुरुवात केली. यंदा गारठा जरा जास्तच आहे म्हणाले. व्याही म्हणाले, गारठ्याने पाइप फुटतात, आणि फुटणारच, कारण ते पाइप बसवले कुणाच्या काळात? मामांना एकदम ठसका लागला. खोटाच, पण इतका जोरात की ताई पाणी घेऊन धावली.

मग त्यांनी गुडघेदुखी काढली. गुडघेदुखीवरून गाडी दवाखान्यात गेली, दवाखान्यातून रांगेत, आणि रांगेत उभं राहिल्यावर भाऊजी विचारायला लागले, की ही रांग आली कुणामुळे? मामांनी घाईघाईने बटाटे छान शिजलेत म्हटलं. बटाट्यांवरून भाव निघाले. अहो, माणसाने बोलावं तरी कशावर? मामांनी मुकाट माशाचे काटे काढायला घेतले, तर व्याही म्हणाले की हल्ली नदीत मासे राहिलेत कुठे, आणि का नाही राहिले, ते मी सांगतो.

भाचीने चमचा खाली ठेवला. ताईचा चेहरा पांढराफटक पडला. भाऊजी कोपर टेबलावर टेकवून म्हणाले, "याचं सगळ्याचं कारण एकच. रा..."

आता इथे मामांनी जे केलं ते फक्त शब्दकोशवालाच करू जाणे. आग विझवायला दुसरा कुणी पाणी आणेल. मामांनी आगीचं मूळ कुठल्या भाषेतलं आहे ते सांगायला घेतलं. शब्दाचा इतिहास ऐकून आजवर कुणी भांडलेलं त्यांनी पाहिलं नव्हतं. कचेरीत तर लोक झोपी जात.

"त्या गोष्टीला अरबीत काय म्हणतात, ठाऊक आहे का?" ते जवळजवळ ओरडलेच.

सगळे त्यांच्याकडे वळले. मग मामांनी सांगितलं, की अरबीत म्हणतात सियासा, आणि त्या शब्दाचं नातं आहे घोडे सांभाळण्याशी. आपला साईस, घोड्याची निगा ठेवणारा, तो त्याच घराण्यातला. टेबलावर शांतता पसरली. खरीखुरी, पोट भरलेली शांतता. ताईने डोळ्यांनीच भावाचे आभार मानले, आणि मामांना हुरूप आला. बास, इथेच थांबायला हवं होतं. पण हुरूप आलेल्या विद्वानाला थांबवणार कोण?

ते ग्रीकांकडे गेले. ग्रीकांचा शब्द पोलिसवरून. भाऊजींना वाटलं शिट्टी मारणारा, पण ग्रीकांचा पोलिस म्हणजे नगर. नगरात एकत्र राहणाऱ्यांच्या ज्या सामायिक गोष्टी, तोच त्या शब्दाचा अर्थ. युरोपातल्या कितीतरी भाषांनी हाच शब्द उचलला. थाई लोकही जवळपास तेच म्हणतात, नगराचं काम. आइसलँडच्या भाषेतल्या शब्दात सुकाणू धरण्याचा अर्थ आहे. आणि चिनी शब्दाच्या दुसऱ्या अक्षराच्या अंगाला तीन थेंबांसारखी पाण्याची खूण असते. पूर आवरायचा म्हटलं, तरी तेच अक्षर वापरतात.

"पाण्याची?" व्याही म्हणाले.

"सुकाणू?" भाऊजी म्हणाले.

आणि मामांच्या लक्षात आलं, की आपण काय करून बसलोय.

व्याही हात पुसून सरसावले. चिनी लोक हुशारच, ते म्हणाले. पाणी कुणाचं ऐकत नाही. त्याला वाट करून द्यावी लागते, उतार द्यावा लागतो, आणि कुठे तुंबलंय ते ओणवं होऊन बघावं लागतं. माणसांचंही तसंच. भाऊजींनी हसून उडवून लावलं. वाट करून देऊन काय होतंय? कुणीतरी समोर बघायला नको का? पन्नास माणसं मागे बसलेली, एक पेंगतोय, एक भाड्यावरून भांडतोय, एकाला चुकीच्या थांब्यावर उतरायचंय. चाक एकाच्याच हातात हवं. व्याही म्हणाले, चाक हातात असून बस खड्ड्यात गेलेली त्यांनी पाहिली आहे. भाऊजी म्हणाले, तो खड्डा कुणीतरी पाइपासाठीच खणलेला होता.

आवाज चढले. मामांनी खोटा ठसका काढला, पण आता पाणी कुणी आणेना. त्यांनी केविलवाण्या नजरेने भाचीकडे पाहिलं. भाचीने बोटावर मोजल्यासारखं केलं आणि निवाडा दिला, की नाव निघालं नाही, शब्दही निघाला नाही, नियमात बसतंय, चालू द्या.

मग काय विचारता! मिठाची बशी म्हणजे धरण झाली, काटाचमच्यातला काटा म्हणजे सुकाणू. भाऊजींनी ब्रेडचा तुकडा बस म्हणून रश्शातून चालवला, तर तो तरंगायला लागला. दोघे वाकून त्याकडे बघत राहिले. व्याही हळूच म्हणाले, की ही तर होडी झाली. भाऊजी म्हणाले, हो की. व्याही म्हणाले, होडीला पाणी लागतं. भाऊजी म्हणाले, आणि सुकाणूही. मग दोघांनी एकमेकांकडे असं पाहिलं, की ताईने पदराने डोळे टिपले. व्याह्यांनी आपल्या ताटातला बटाटा उचलून भाऊजींच्या ताटात ठेवला. मामांचा जीव भांड्यात पडला. आयुष्यात पहिल्यांदाच आपल्या विद्येचा कुणाला उपयोग झाला, असं वाटून त्यांना थोडं रडूही आलं.

तेवढ्यात होणारा जावई म्हणाला, "मला मात्र ते घोड्याचं पटलं."

इतका वेळ गप्प बसलेला माणूस तो. प्राथमिक शाळेत मास्तर, पहिलीचा वर्ग. भाचीने मान वळवून विचारलं, की पटलं म्हणजे काय पटलं?

भाचीचं काम सांगायला हवं. ती शहरातले सिग्नल सांभाळते. कुठल्या चौकात लाल किती वेळ, हिरवा किती वेळ, हे ती ठरवते. तिच्या दृष्टीने जगात बरोबर शब्द एकच, ग्रीकांचा. नगर सगळ्यांचं, आणि पाळी सगळ्यांना, मोटारवाल्याला आणि काठी टेकत जाणाऱ्या म्हातारीला सारखीच. घोडा कोण आणि लगाम कुणाच्या हातात, हा प्रश्नच तिथे येत नाही. आणि हा तिचा नवरदेव, जरा वेळाने ज्याच्याशी लग्नाची तारीख ठरणार, तो म्हणतोय घोड्याचं पटलं.

"म्हणजे आपल्या घरात घोडा कोण असणार?" ती म्हणाली.

टेबलावरची सगळी हवा कुणीतरी ओढून घेतल्यासारखं झालं. भाऊजी आणि व्याही दोघे एकाच वेळी मामांकडे वळले, आणि दोघांच्या नजरेत एकच वाक्य होतं. तुम्हीच सुरू केलंत. मामा 'हं' म्हणाले. या वेळी त्याचा काडीचाही उपयोग झाला नाही. लग्नाला कोण येणार हा प्रश्न बाजूलाच राहिला, आता लग्न होतंय की नाही याचीच पंचाईत. ताईने हातातला भाताचा चमचा परत भांड्यात ठेवला, आणि तिच्याकडे बघायचं धाडस मामांना झालं नाही.

मास्तर मात्र गडबडला नाही. पहिलीच्या वर्गात जो टिकतो तो कशालाच गडबडत नाही. तो म्हणाला, "साईस घोड्यावर बसत नाही गं. बसणारा वेगळा. साईस सकाळी उठून चारा घालतो, खूर तपासतो, अंग चोळतो, लीद काढतो. घोडा आजारी पडला तर जागतो. मी वर्गात दुसरं काय करतो? चाळीस नाकं पुसतो. लगाम माझ्या हातात कधी आलाच नाही."

भाचीने खुर्ची त्याच्याकडे वळवली.

"लीद रोज काढणार?"

"रोज."

"आणि भांडी?"

"तीही."

"आणि चौकातलं माझं म्हणणं? पाळी सगळ्यांना सारखी?"

"पाळी हवीच. नाहीतर सगळे घोडे एकदम पाण्यावर येतात."

भाचीला हसू आवरेना. तिने त्याच्या पाठीत एक धपाटा घातला, वळून आईकडे बघितलं आणि आनंदाच्या भरात म्हणाली, "आई, बघितलंस? याच्याशी राजकारणावर भांडता येतं."

सगळ्यांच्या माना तिच्याकडे वळल्या. तिच्याही लक्षात आलं, आणि तिचा हात तोंडावर गेला. पण निघालेला शब्द कुणाला परत घेता येतो? टेबलावर निघाला होता, चांगला ठणठणीत, सगळ्यांच्या कानात पडला होता. अट अट होती, आणि भाची शब्दाची पक्की, हे त्या खोलीत प्रत्येकाला ठाऊक होतं.

व्याह्यांनी घसा खाकरला. नियम तिचा, ते सावकाश म्हणाले, आणि मोडला तिनेच. तेव्हा बाकीच्यांना शिक्षा कशाला? लग्न थाटात होऊ दे, सगळे येऊ देत, फक्त नवरी येणार नाही.

"अनुमोदन," भाऊजी म्हणाले आणि हात वर केला.

व्याह्यांचाही हात वर गेला. नवरदेवाने जरा विचार केला आणि आपण नवरीशिवाय लग्नात नक्की काय करायचं, असं विचारलं, पण त्याला अल्पमतात काढण्यात आलं. मग दोघांनी मामांकडे पाहिलं. मामांनी भाचीकडे पाहिलं, ताईकडे पाहिलं, आणि जन्मात पहिल्यांदा त्यांच्या तोंडून 'हं' निघालं नाही. "मी विरुद्ध," ते म्हणाले, आणि मग स्वतःच इतके दचकले की त्यांना खरा ठसका लागला.

त्यांच्या म्हणण्याकडे कुणाचं लक्षच नव्हतं, कारण ताई उठून उभी राहिली होती. जेवणभर ती एक अक्षर बोलली नव्हती.

"तुमचे ठराव तुमच्यापाशी ठेवा," ती म्हणाली. तिने दोघांच्या वर केलेल्या हातांकडे बोट दाखवलं. "कुणी काय बोललं आणि कुणी नाही, मला काही घेणं नाही. मला माझ्या मुलीच्या लग्नाला यायचंय. पुढच्या रांगेत बसायचंय. मी इतके दिवस झोपले नाहीये."

भाची उठली, टेबलाला वळसा घालून आली आणि आईच्या खांद्यावर हनुवटी टेकवून उभी राहिली. भाऊजींनी वर केलेला हात गुपचूप खाली घेतला. व्याह्यांनीही घेतला.

"तारीख सांग," ताई म्हणाली.

भाचीने आईच्या कानात तारीख सांगितली. ताईने ती मोठ्याने सगळ्यांना सांगितली, आणि मग बसून, त्या दिवसात पहिल्यांदा, पोटभर जेवली.