मोहोर करपल्याचं पत्र

जामसंड्याच्या सावित्रीकाकीने चार बांगड्या मोडून पुतण्या गुरुदासच्या मुंबईच्या कंपनीचे पन्नास शेअर घेतले, ते पंच्याऐंशी साली. कंपनी कॉम्प्युटरचे प्रोग्राम लिहून विकायची. काकीला प्रोग्राम कळत नव्हता, गुरुदास कळत होता. आणि दोन वर्षं नफा दुप्पट होत गेला, तेव्हा बांगड्यांची आठवणही तिने काढली नाही.

तिसऱ्या वर्षी शेअर घेतलेल्या सगळ्या नातेवाइकांना त्याचं छापील पत्र आलं. पुढल्या वर्षी नफा निम्माच धरावा, ज्यांना धीर नसेल त्यांचे शेअर मी घेतल्या किमतीला परत घेईन. सून आनंदी वाचून म्हणाली, भावजी सरळ आहेत, आधीच सांगतात.

काकीच्या कपाळाची आठी हलली नाही. बाग खंडाने घेणारे व्यापारी तिने जन्मभर पाहिले होते. झाडाखाली उभं राहून चुकचुकायचं, मोहोर करपला म्हणायचं आणि निम्म्या भावात बाग पदरात पाडायची. मे महिन्यात त्याच बागेतून पेट्यांनी भरलेले ट्रक निघतात.

पंधरा दिवसांनी गुरुदास सहीचे कागद घेऊन स्वतःच आला. नात्यातल्याच आचऱ्याच्या विश्रामने आपले सगळे शेअर देऊन टाकले, हे त्याने बसता बसताच सांगितलं. काकीने चहा दिला, मुंबईची खुशाली विचारली. बोलता बोलता तो सांगून गेला की मोठी जागा घेतली, चार नवी मुलं नोकरीला ठेवली.

"मोहोर करपलेल्या बागेत चार राखणे कोण ठेवता रे?"

गुरुदासने कप खाली ठेवला. मुलं शिकायला वर्ष जाईल, पगार आजपासून, म्हणून नफा कमी, असं तो समजावू लागला. काकीने ऐकून घेतलं.

"बरां. मगे तुझे दहा शेअर माका दी. त्याच भावान."

तो मग हसला, पण तोंडापुरतं.

"माझे विकूचे नाय, काकी. वर्षभर कळ काढूची माझी तयारी आसा. त्याच्यापुढे बरे दिवस येतले."

"ह्यां पत्रात खंय लिवलंस?"

खोटं तो काही बोलला नव्हता. अर्धंच बोलला होता, आणि त्या अर्ध्यावर विश्राम फसला होता.

काकीने सहीचे कागद त्याच्याकडे सरकवले. आपले पन्नास तिने ठेवले. विश्रामचा व्यवहार मोडायचा, हे गुरुदासकडून कबूल करून घेतलं. पत्र आणखी किती नातेवाइकांना गेलं ते विचारलं. नऊ, म्हणाला. तिने आनंदीला पोस्टातून नऊ कार्डं आणायला पाठवलं.

गुरुदास ओटीवर मान खाली घालून लिहीत बसला. नवी जागा, नवी मुलं, वर्षानंतरची आशा, आपले स्वतःचे न विकलेले शेअर, सगळं. आनंदीने प्रत्येक कार्ड मोठ्याने वाचून दाखवलं.

जाता जाता टाकतो म्हणून त्याने हात पुढे केला. काकीने कार्डं सुनेच्या हाती दिली आणि तिला म्हणाली, "पेटीत पडल्याशिवाय मागे फिरा नको."