बंगल्यातली झुलेखा

या, असे पुढे सरकून बसा. बुवांचं आख्यान रंगायला अजून अवकाश आहे. तोवर एका आईने उगवलेल्या सुडाची गोष्ट सांगतो. देवाच्या दारात सुडाची गोष्ट कशाला म्हणाल, तर आधी ऐका, मग ठरवा.

साल एकोणीसशे एकसष्ट. कुवेतमध्ये सालमियाला, समुद्राकडे तोंड केलेल्या एका बंगल्याच्या व्हरांड्यात डॉयलसाहेब आणि त्यांची मडम आठ दिवसांच्या लेकीच्या नावावरून हुज्जत घालत होते. दोघं आयर्लंडचे, साहेब तेलकंपनीत इंजिनियर. बाजूला चहाचा ट्रे धरून उभी होती त्यांची आया खतिजा, आपल्या कोकणातल्या हर्णै बंदराची. तिचा नवरा महबूब त्याच घरात खानसामा.

मडमने वहीत पानभर नावं उतरवली होती. ईफा, शिवॉन, कीवा. सगळी तिच्या आजीच्या जुन्या भाषेतली. शेवटी तिचं बोट 'नीव'वर थांबलं.

"पण लिहितात किती विचित्र!" साहेब वैतागले. "शेवटी एम काय, एच काय! लोक वाचणार 'नियाम्ह'. सरळ उच्चाराप्रमाणे लिही ना."

"एक अक्षर हलवणार नाही," मडम म्हणाली. "माणसाचं नाव हे त्याचं स्वतःचं असतं. ज्याला म्हणता येत नाही त्याने शिकावं. किटी, म्हण बघू, नीव."

"नीव," खतिजा म्हणाली. पहिल्याच दमात, स्वच्छ.

"शाबास, किटी!"

किटी! पाच वर्षांपूर्वी नोकरीच्या पहिल्या दिवशी 'खतिजा' ऐकून याच मडमने हात झटकला होता. "छे, जीभ वळत नाही. तू किटी. आणि हा बॉब." पोटाचा प्रश्न होता. दोघं हसली आणि कामाला लागली. तेव्हापासून त्या घरात खतिजा नावाचं कोणी उरलंच नाही.

आणि तीन महिन्यांपूर्वी हर्णैहून तार आली होती. त्यांची नऊ वर्षांची झुलेखा तिथे मामाकडे होती. तिला घटसर्प झाला होता, गळा बंद होत चालला होता. तारेवर नाव होतं, खतिजा महबूब परकार. तार दारात आली तेव्हा ही दोघं मासळीबाजारात गेलेली. मग चाळीस दिवसांनी भावाचं पत्र आलं. पोर तीन दिवस दाराकडे बघत होती, मग गेली. तार परत का धाडलीस गो, एवढंच त्याने खाली विचारलं होतं.

खतिजाने पत्र पदराखाली धरून मडमला विचारलं, तर ती केस विंचरता विंचरता सहज म्हणाली, "हो, कोणा खतिजाची तार आली होती खरी. मी सांगितलं, या नावाचं इथं कोणी नाही. का गं?"

"काही नाही, मडम."

आज व्हरांड्यातून ती स्वयंपाकघरात आली आणि तिने ट्रे आदळला.

"ऐकलात? नाव माणसाचं स्वतःचं असतं म्हने!"

"सोड गो," महबूब कांदा चिरता चिरता म्हणाला. "तिला काय ठावं? अल्ला बघील."

"अल्ला बघील तवा बघील. तवर मी हाय."

मडमचे दिवस क्लबात आणि पत्त्यांत जायचे. लेकरू सकाळपासून खतिजाच्या मांडीवर. मडमसमोर खतिजा 'नीव, नीव' म्हणायची, अगदी मडमच्या आजीच्या थाटात. मडमची मोटार फाटकाबाहेर पडली की अंगाला तेल लावताना, भात भरवताना, पाळणा हलवताना एकच नाव. झुलेखा. ए झुलेखा. इकडं बघ गो, झुलेखा. लेकरू खिदळायचं.

नवव्या महिन्यात मडमने मैत्रिणींना चहाला बोलावलं. लेकीला गालिच्यावर बसवून तिने हाक मारली, "नीव!" पोरीने मान वर केली नाही. पुन्हा हाक. पोर चमच्याशी खेळत राहिली. मैत्रिणी एकमेकींकडे बघू लागल्या.

डॉक्टरांनी टाळ्या वाजवून पाहिल्या. कान ठीक होते. "पण स्वतःच्या नावाला वळत नाही," ते गंभीर होऊन म्हणाले. "मेंदूची तपासणी करावी लागेल. लंडनला न्या." विमानाची तिकिटं आली. मडमचं जेवण सुटलं.

"सांगून टाक गो," महबूब हात जोडून म्हणाला. "बाई खंगत चाललीय. आई हाय ती."

"मी कोन होते? चाळीस दिस मी तुमच्यासंगं हसत जेवत होते, आनि माझी पोर मातीत होती. तिनं चार दिस तरी रडू दे."

चौथ्या दिवशी दुपारी मडम लेकीला कडेवर घेऊन स्वयंपाकघरात आली आणि तिथेच फरशीवर बसली. "किटी, माझी मुलगी मला ओळखत नाही गं."

खतिजाने हात पुसले. दाराशी जाऊन उभी राहिली आणि हळूच म्हणाली, "झुलेखा."

लेकरू गर्रकन वळलं. हसलं. आईच्या मांडीवरून उतरून रांगत तिच्या पायाशी आलं.

"हे काय? कोण झुलेखा?"

"माझी लेक. नऊ वर्सांची. मरायला टेकली तवा तार आली होती, खतिजा परकारच्या नावाची. खतिजा म्हंजे मी, मडम."

मडमने झडप घालून लेकराला तिच्या पायांपासून उचललं आणि ती आत धावली.

संध्याकाळच्या आत साहेबांनी दोघांना घर सोडायला सांगितलं. ट्रंक टॅक्सीत चढली. आतून लेकराचा टाहो येत होता, मडम त्याला घेऊन येरझारा घालत होती, "नीव, नीव, नीव." रडणं वाढतच चाललं. महबूबने खतिजाचा हात धरला, "बस गो, बस आता." तिने एक पाय आत ठेवला.

तेवढ्यात खिडकीतून मडमचा आवाज आला. अडखळत, एकेक अक्षर जपून उचलावं तसा.

"झु...ले...खा."

रडणं थांबलं.

खतिजा टॅक्सीचं दार धरून उभी राहिली. आतून पुन्हा एकदा हाक आली, या खेपेला न अडखळता. सूड पुरा झाला होता. ती तिथेच वाळूत बसली आणि वर्षभरात पहिल्यांदा मोठ्याने रडली.

एवढीच गोष्ट. खतिजाचं बरोबर की चूक, ते तुमचं तुम्ही ठरवा. पण हर्णैच्या त्या झुलेखाला तेवढी लक्षात ठेवा. नऊ वर्षांची होती.