दुसऱ्या फटफटीची चाकं

पंढरी भोईराची फटफटी ठाण्यात आली ती बैलगाडीतून, कारण तिला चाकंच नव्हती.

लढाई संपून पाच-सहा वर्षं झाली तरी शहाडजवळच्या एका आवारात लष्करी सामानाचे ढीग पडून होते. मधूनमधून लिलाव व्हायचा. पंढरीला मिळालेल्या फटफटीची टाकी, इंजिन, हँडल सगळं शाबूत होतं. चाकं तेवढी आधीच कुणीतरी काढून नेलेली. पंढरी कोलशेतचा, तीन मिठागरांवर मुकादम. दिवसभर या बांधावरून त्या बांधावर पायपीट करणारा माणूस. लढाईच्या दिवसांत आग्रा रोडवरून धूळ उडवत जाणारे फटफटीवाले शिपाई बघितल्यापासून त्याच्या डोक्यात हे वेड शिरलेलं होतं.

त्याने ती गाडी आग्रा रोडवरच्या परशुराम घागच्या गॅरेजसमोर उतरवली. परशुराम मूळचा रत्नागिरीकडचा. लढाईच्या काळात कल्याणकडे एका लष्करी वर्कशॉपात फिटर होता, नंतर ठाण्यात त्याने स्वतःचं गॅरेज टाकलं. पंढरीची नि त्याची ओळख मिठाच्या लॉऱ्यांमुळे झालेली, आणि आता चांगली दोस्ती होती.

"परशा, हिला पाय लाव," पंढरी म्हणाला.

"हिची चाकं आता मिळायची नाहीत रे. दुसऱ्या मॉडेलची बसवावी लागतील."

"मंग बसव. चाक ता चाक."

"चाक ते चाक नसतं," परशुराम म्हणाला, पण हसत.

महिनाभराने त्याला भंगारात दोन चाकं सापडली, वेगळ्या जातीच्या फटफटीची. पंढरी ती बघायला आला तेव्हा सोबत मुलीला घेऊन आला. तुळसा तिचं नाव, सात वर्षांची, पुढचे दोन दात पडलेले. तिला बिनचाकाच्या फटफटीच्या टाकीवर बसवलं तर उतरायलाच तयार होईना.

"काका, ज्याची चाकां हायत तो मागाया येल ना?" तिने विचारलं.

"नाही येणार. त्याची गाडी मोडली."

"मंग तो चालत जातो?"

पंढरी मोठ्याने हसला.

काम वाटलं होतं त्यापेक्षा किचकट निघालं. मागचं चाक आत घेतलं तर साखळी तिरकी धावायची, म्हणून आसेवर बसवायच्या धातूच्या कड्या, म्हणजे बुश, लेथवर करून घ्यावे लागले. ते जमलं. पुढच्या चाकाची गोष्ट निराळी होती. त्याची आस चाकाला दोन्हीकडून धरणाऱ्या पुढच्या चिमट्यात बसली, चाक फिरलंही छान. पण ब्रेकची प्लेट जागेवर धरून ठेवायला मूळ चिमट्यावर जी खाच होती, तिथे या नव्या प्लेटचा कान पोचतच नव्हता. मध्ये दोन बोटांचं अंतर. ते सांधायला पोलादाची पट्टी करून घ्यायला हवी होती. पट्टी नसताना ब्रेक दाबला तर प्लेट चाकाबरोबर गर्रकन फिरणार, ब्रेकची तार गुंडाळली जाणार आणि चाक जागच्या जागी अडकून स्वार तोंडावर पडणार.

परशुरामाने हे एकदा डोळ्यांनी बघितलं होतं. वर्कशॉपातल्या एका जोडीदाराने घाईत असंच चाक चढवलं होतं आणि एक कोवळा शिपाई ते घेऊन फाटकाबाहेर पडला होता. पन्नास पावलंही गेला नाही. त्याला उचलायला धावणाऱ्यांत परशुराम पहिला होता.

पट्टीचं माप त्याने लेथवाल्या पोपटशेठकडे दिलं आणि पंढरीला सांगितलं, "शिमग्याच्या आधीच्या मंगळवारी घेऊन जा."

मंगळवारी सकाळी पंढरी आला तेव्हा पट्टी आलेली नव्हती. पोपटशेठच्या लेथचा पट्टा तुटला होता आणि संध्याकाळी काम देतो असा त्याचा निरोप होता.

"मंग बसतो मी," पंढरी म्हणाला. "घरी सांगून आयलोय, आज येन तं फटफटीवरच येन. तुलसाची आय वाट बघत असंल."

पोर दोन दिवस तापाने झोपून आहे, घसा दुखतो म्हणते, असंही तो सहज बोलून गेला. परशुरामाने पेट्रोल घातलं, इंजिन चालू करून दाखवलं. पंढरी टाकी पुसत बसला.

ऊन डोक्यावर आलं तेव्हा पंढरीच्या बायकोचा, आवडाचा, भाऊ धाकू रस्त्याने धावत येताना दिसला. कोलशेतहून दोन कोस पळत आला होता. धड बोलता येईना त्याला.

"दाजी, पोरीला सास घेववत नाय. गला आतून बंद होतोय. वैद बोलला, घटसर्प हाय, आताच्या आता ठान्याला न्या."

"आनि तू तिला घेऊन का नाय आयलास?" पंढरी ओरडला.

"बैलगाडी मिठावर गेलीय. ताई बोलली, ते फटफटी घेऊन येतच असतील, तू नुसता त्यांना लवकर आन."

पंढरी फटफटीकडे वळला. परशुराम मध्ये आला.

"पंढरी, नाही. पट्टी नाहीये."

"मी पुढचा ब्रेक धरनारच नाय."

"हात आपोआप जातो. मी बघितलंय. समोर जनावर आलं, खड्डा आला की हात जातोच. येताना तुझ्यापुढे पोर असेल, मागे वहिनी. तिघंही जाल."

"सर बाजूला."

परशुराम सरला नाही. तो खाली बसला, पाना लावला आणि पुढच्या चाकाची आस खेचून बाहेर काढली. चाक तिरकं होऊन चिमट्याला टेकलं. आस हातात घेऊन तो उभा राहिला. पंढरीने त्याच्याकडे असं बघितलं की आता तो मारणार असं धाकूला वाटलं. पण पंढरीने मारलं नाही. त्याचा चेहरा एकदम पडला, आणि तो नुसता म्हणाला, "मंग कसा जाऊ?"

गॅरेजात दुसरी चालती गाडी नव्हती. परशुराम स्टेशनकडे धावला आणि टांगा घेऊन आला. टांगेवाला कोलशेतच्या रस्त्याला यायला नाखूष होता, तेव्हा परशुराम त्याच्या हातापाया पडला. पंढरी आणि धाकूला घेऊन टांगा गेला. कोलशेतला पोचायला त्याला तास लागला. परतताना आवडा पोरीला उभी धरून बसली होती, कारण आडवं केलं की ती घुसमटायची. कापूरबावडीपाशी तुळसा आईच्या खांद्यावर मान टाकून गप्प झाली. पुढे इस्पितळापर्यंत त्यांनी तिला नेलं, पण नेण्यासारखं काही उरलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी परशुराम कोलशेतला गेला. ओसरीवर माणसं बसली होती. कुणीतरी म्हणालं की हाच तो, याने गाडी दिली नाही. तेव्हा पंढरीच बोलला.

"त्याला बोलू नका. त्याने दिली असती तं तिघां मेलो असतो. इलाज नव्हता. कुनाचाच इलाज नव्हता."

परशुराम ते शब्द घेऊन घरी आला. त्या शब्दांवर त्याने आठ-दहा दिवस काढले. रोज कामाला लागताना तो ते मनातल्या मनात म्हणायचा.

पट्टी त्याच मंगळवारी संध्याकाळी आली होती. ती बसवायचं त्याच्या मनात येत नव्हतं. शेवटी एके दिवशी सकाळी त्याने चाक पुन्हा चढवलं. पट्टीला जागा व्हावी म्हणून ब्रेकच्या तारेचं टोक प्लेटवरून सोडवलं. तार सैल होऊन त्याच्या हातात आली. हँडलवरचा ब्रेक त्याने सहज दाबून बघितला. काहीच झालं नाही. होणारच नव्हतं.

तो तसाच तार धरून उकिडवा बसून राहिला.

तार काढली की पुढचा ब्रेकच नाही. हात गेला तरी काही बिघडत नाही. प्लेट हलू नये म्हणून ती साध्या तारेच्या दोन वेढ्यांनी चिमट्याला बांधायची आणि मागच्या ब्रेकवर गाडी हळू न्यायची. दोन मिनिटांचं काम. गॅरेजात नवीन लागलेल्या माणसालाही सुचलं असतं. त्याला सुचलं नाही, कारण त्या दुपारी त्याच्या डोळ्यांपुढे तो शिपाई होता आणि दुसरं काही दिसतच नव्हतं.

त्याने पट्टी बाजूला ठेवली. प्लेट तारेने बांधली, ब्रेकच्या तारेचं टोक मोकळं सोडलं, शेजारच्या दुकानदाराचं घड्याळ मागून घेतलं आणि फटफटी कोलशेतच्या रस्त्याला लावली. कदाचित साखळी उतरेल, कदाचित बुश दगा देतील, रस्त्याच्या खड्ड्यांत दुसऱ्या जातीची ती चाकं टिकायचीच नाहीत, असं त्याला वाटत होतं. खरं तर वाटेत काहीतरी मोडावं अशीच त्याची इच्छा होती. एका ठिकाणी मुद्दाम त्याने गाडी खड्ड्यातून घातली. चाकं सरळ धावत राहिली. एका वळणावर म्हैस आडवी आली, त्याचा हात आपोआप पुढच्या ब्रेकवर गेला आणि रिकामाच दाबला गेला. मागच्या ब्रेकवर गाडी थांबली. म्हैस निघून गेली.

कोलशेतची घरं दिसली तेव्हा त्याने घड्याळ बघितलं. वीस मिनिटं झाली होती.

फटफटीचा आवाज ऐकून पोरंबाळं धावली. आवडा दारात आली आणि गाडी बघून चौकट धरून उभी राहिली. पंढरी मिठागराच्या बांधावरून आला, पाय गुडघ्यापर्यंत चिखलाने भरलेले.

"झाली का?" त्याने विचारलं. आवाजात राग नव्हता. उलट मित्राला बघून बरं वाटल्यासारखा तो जवळ आला.

परशुरामाला परत फिरता आलं असतं. हो, झाली, एवढं म्हणून गाडी देऊन चालत जाता आलं असतं. पण त्याच्याने राहवलं नाही.

"पंढरी, पट्टी अजून लावलेली नाही. त्या दिवशी होती तशीच आहे. फक्त तार काढली. तार काढली असती तर तू नेऊ शकला असतास. मला सुचलं नाही."

पंढरीला आधी नीट कळलं नाही. तो खाली वाकून चाकाकडे बघत राहिला. मोकळी लोंबणारी तार त्याने बोटाने हलवली.

"किती वेल लागला तुला यायला?"

"वीस मिनिटं."

त्याने तार सोडली. मग उभा राहिला.

"मना कसाला सांगितलास?" तो म्हणाला. "इलाज नव्हता, येवढाच मी धरून बसलो व्हतो. आवडा रातच्याला उठून रडली की तिला पन तेच सांगायचो. आता काय सांगू?"

"मला वाटलं, तुझ्यापासून लपवू नये."

"तुला बरा वाटावा म्हनून आयलास तू. जा आता. ही पन घेऊन जा."

परशुरामाने गाडी वळवली. त्या घरासमोर इंजिन चालू करायचं त्याला धाडस झालं नाही. गावाबाहेर, मिठाच्या राशी संपेपर्यंत, तो ती ढकलत गेला. पोरं थोडा वेळ मागे आली आणि मग थांबली.

पुढे त्याने पट्टी बसवली. धाकूकरवी पंढरीचा निरोप आला की ती कुणालाही दे, मला बघायची नाही. डोंबिवलीच्या एका वायरमनने ती नेली आणि बरीच वर्षं वापरली. चाकांची त्याने कधी तक्रार केली नाही. पंढरी मिठाच्या लॉऱ्या दुसऱ्या गॅरेजात पाठवू लागला. बाजारात समोरासमोर आला तर मान खाली घालून जायचा. परशुरामही मग त्याच्या वाटेत येईनासा झाला.

दोन वर्षांनी, एका मंगळवारी, आवडा गॅरेजसमोर येऊन उभी राहिली. ठाण्याच्या बाजारात सुकट विकून परत निघाली होती, डोक्यावर रिकामी पाटी होती. परशुराम लॉरीखाली होता. तो घाईने बाहेर आला आणि हात पुसत म्हणाला, "वहिनी, बसा."

ती बाकावर बसली. त्याने माठातलं पाणी दिलं, ते ती प्यायली.

"ते यायचे नाय," ती म्हणाली. "मी आयले ता त्यांना ठावं नाय."

"मी काय बोलू, वहिनी."

"तुमी नका बोलू. मना सांगायचाय." तिने पदराने तोंड पुसलं. "त्या दिवशी सकालीच तिचा आवाज बसला व्हता. शेजारीन बोलली, खांद्यावर घे आनि चाल, मी येते संगती. मी बोलले, फटफटी येतेय, उन्हात पोरीला कसाला नेऊ? तुलसाच बोलली व्हती, फटफटीवरूनच जाऊ. मी केस विंचरले तिचे. चांगला झगा घातला. आनि बसले."

परशुराम उभाच होता. तो हळूच बाकाच्या दुसऱ्या टोकाला टेकला.

"चालत निघाले असते तं धाकू इथं पोचला तवा मी इस्पितलात असते," आवडा म्हणाली. "हे मी त्यांना सांगितला नाय. कवाच सांगनार नाय. तुमी सांगितला तवा त्यांचा काय झाला ता मी बघितलाय. ते आता तुमच्यावर रागावतात, आनि त्या रागावर उभे हायत. मी सांगितला तं त्यांनी कुनाकडं जायचा?"

"बरोबर आहे."

"पन कुनाला तरी सांगायला पायजे व्हता. तुमाला कलेल म्हनून आयले."

रस्त्याने एक लॉरी गेली, तिची धूळ आत आली. आवडा उठली. तिने पाटी डोक्यावर घेतली आणि चुंबळ नीट केली.

"टांगा आणू का?" परशुरामाने विचारलं.

"नको. चालत जाते," ती म्हणाली, आणि कोलशेतच्या रस्त्याला लागली.

तिने सांगितलेलं परशुरामाने कुणाला सांगितलं नाही, बायकोलाही नाही. पंढरी आयुष्यभर त्याच्यावर रागावलेला राहिला. परशुरामाने त्याला तसं राहू दिलं.